गोष्टीत जादू किती असावी?

यंदाच्या व्याख्यानमालेसाठी आम्हांला विषय विचारण्यात आला, तेव्हा किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार असेच काहीतरी आमच्याकडून येईल अशी मंडळींची समजूत होती. ती साहजिकही होती. गेली तीसएक वर्षे आम्ही जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांत वावरत आलो. शाळा दहावीपाशी सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि संपाच्या मांडवात. अशा माणसाने जादूवर बोलावे हे काहींना विचित्र वाटले. परंतु विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे, आणि तो आम्हांला येथेच, सावंगीत, आमच्या शेजारच्या घरी सापडला.

त्या घरात वैद्यकीचे शिक्षण घेणारी चार-पाच मुले भाड्याने राहतात. रविवारी रात्री ती एका खेळाला बसतात. खेळात पट नाही, पत्ते नाहीत. एक जण गोष्ट चालवितो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात. कोणी तलवारबहाद्दर, कोणी कुलपे उघडणारा, कोणी मांत्रिक. वाटेत दरी आली तर ती कशी ओलांडायची हे ज्याने त्याने बोलून सांगायचे, आणि जमले की फसले ते अनेक पैलूंच्या फाशांनी ठरवायचे. अशी एकच गोष्ट महिनोन् महिने चालते. एका रात्री तेथे मोठा वाद माजला. एकाचे म्हणणे, गोष्टीतल्या जगात गावोगाव मांत्रिक असावेत, रस्त्यावर जादूचे दिवे असावेत, जखम झाली की मंत्राने भरून यावी. दुसरा म्हणाला, ''जादू इतकी स्वस्त झाली ना, तर खेळात मजाच नाही राहत. मग आपण वैद्यकी तरी शिकून राहिलो कशाला?'' शेवटी ती आमच्या दारात आली. ''काका, तुम्ही लोकांची भांडणं मिटवता ना, आमचं एवढं मिटवा.''

आम्ही लगेच निवाडा दिला नाही. आठ दिवसांची मुदत मागितली आणि वाचनालय गाठले. वाचता वाचता असे दिसून आले की हा प्रश्न पोरखेळाचा नाही. गोष्टीत चमत्कार किती असावा यावर आपल्या मराठी मुलखात दीडशे वर्षांपूर्वी शहाणी माणसे वाद घालीत होती; आणि लोककथेने तर त्याहून कितीतरी आधी आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता.

प्रथम त्या खेळाविषयी. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने त्याचे नियम छापले. गायगॅक्स विम्याच्या धंद्यात नोकरीला होता; ती नोकरी सुटल्यावर काही काळ त्याने जोडे दुरुस्त करून संसार चालविला. जादूचा प्रश्न या दोघांपुढेही उभा होता. प्रत्येक अडचण मंत्राने सुटणार असेल तर तलवारवाल्याने आणि कुलूपवाल्याने खेळात बसावेच कशाला? यावर त्यांनी जॅक व्हान्स या लेखकाची युक्ती उचलली. व्हान्सच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकातील मांत्रिक मोजकेच मंत्र डोक्यात साठवू शकतो, आणि एकदा उच्चारला की तो मंत्र त्याच्या स्मरणातून पुसला जातो. पुन्हा हवा असेल तर पुन्हा पोथी उघडून पाठांतर. त्या पहिल्या नियमांत नवशिक्या मांत्रिकाच्या वाट्याला दिवसाकाठी एकच मंत्र येत असे. शिधापत्रिकेवर साखर मिळावी तशी ही जादू मापून मिळत होती, आणि म्हणूनच बाकीच्या गड्यांच्या अंगमेहनतीला खेळात जागा राहिली.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. समुद्रपूर तालुक्यातील गिरडची टेकडी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. शेख फरीद यांच्या नावाने तेथे दर्गा आहे आणि सर्व जातिधर्मांचे लोक तेथे जातात. त्या टेकडीवर गोल, गुळगुळीत गोट्यांचा खच पडलेला असतो. भूगर्भशास्त्र सांगते की लाव्ह्याच्या खडकातील पोकळ्यांत झिओलाइटसारखी खनिजे साचून असे गोटे तयार होतात. गोष्ट मात्र निराळे सांगते, आणि ती इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्येही नोंदलेली आहे. दोन फिरते व्यापारी नारळ आणि इतर माल घेऊन तेथून चालले होते. त्यांनी फकिराची टिंगल केली. फकिराने त्यांच्या सगळ्या मालाचे दगड केले. व्यापाऱ्यांनी पाय धरले, तेव्हा त्याने झाडाची सुकी पाने घेऊन त्यांचा नवा माल करून दिला. ते पाहून दोघेही तेथेच राहिले आणि मरेपर्यंत त्याची सेवा करीत राहिले.

या गोष्टीकडे जमाखर्चाच्या नजरेने पाहा. चमत्कार दोनच. पहिला अपमानाबद्दल, दुसरा पश्चात्तापाबद्दल. दोन्हींचे कारण ऐकणाऱ्याला कळते. दुसऱ्या चमत्कारानंतर माल परत मिळालेला असूनही व्यापारी तो घेऊन बाजाराला जात नाहीत. हा तिसरा प्रसंग गोष्टीतला सर्वांत मोठा, आणि त्यात जादू मुळीच नाही. दोन माणसांनी आपल्या मनाने घेतलेला तो निर्णय आहे. फकिराने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या मालाचे दगड केले असते, तर लोकांनी ती वाट टाळली असती आणि गोष्ट आपल्यापर्यंत आलीच नसती.

जुन्या कथांत हे माप बहुधा पाळलेले दिसते. वेताळपंचविशीतली एक कथा घ्या. एका मुलीला तीन तरुणांनी मागणी घातलेली असते. ती मरते. एक जण तिच्या चितेच्या राखेवर झोपडी बांधून राहतो, दुसरा अस्थी घेऊन गंगेला जातो, तिसरा देशोदेशी हिंडून मेलेले उठविण्याचा मंत्र मिळवितो. मुलगी जिवंत होते. येथे आजचा एखादा उतावळा लेखक गोष्ट संपवील. वेताळाची गोष्ट येथेच सुरू होते, कारण तो विचारतो, आता ही बायको कोणाची? राजा विक्रम उत्तर देतो : जिने जन्म दिला त्या मंत्रवाल्याचे नाते बापाचे, अस्थी नेणाऱ्याचे मुलाचे, आणि राखेपाशी राहिला तो नवरा. मंत्राने मेलेली मुलगी उठविली, पण तंटा सुटला नाही, उलट उभा राहिला. तो सोडविण्यास माणसाची अक्कल लागली. शिवाय राजा आणि वेताळ यांच्यातला करारही पाहण्यासारखा आहे. राजाने मौन मोडले की वेताळ पुन्हा झाडावर. ही अट दोघांना ठाऊक आहे आणि दोघेही ती पाळतात.

कालिदासाने तर याहून काटकसर केली. महाभारतातल्या मूळ उपाख्यानात दुष्यंत शकुंतलेला ओळखून नाकारतो. तेथे दुर्वासाचा शाप नाही आणि अंगठीही नाही. कालिदासाने एक शाप आणि एक अंगठी घातली आणि राजाचा अपराध विस्मरणात बदलला. हे राजाच्या सोयीचे झाले की काय, अशी शंका आमच्यासारख्याला येते. मालकाची चूक ग्रहांवर ढकलण्याची चाल आम्ही पुष्कळ पाहिली आहे. परंतु कारागिरी मान्य केलीच पाहिजे. अंगठी सापडल्यावर राजाला जे भोगावे लागते ते कोणत्याही मंत्राने हलके होत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' मराठी रंगभूमीवर आणले, तेव्हा राक्षसांचा आरडाओरडा आणि राळेचे भपके यांना सरावलेल्या प्रेक्षकाने या एका शापाचे दुःख गाण्यांसकट ऐकून घेतले.

आता ज्या वादाचा उल्लेख आम्ही आरंभी केला तो सांगतो. छापखाना आल्यावर मराठीत चमत्काराचा पूर आला. सिंहासनबत्तिशी १८१४ सालीच बंगालमधील श्रीरामपूर येथे छापली गेली होती. पुढे अरबी कथांची मराठी रूपे आली, आणि १८६१ च्या लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाले'पासून राजपुत्र, राजकन्या, अरण्ये आणि अघटित योगायोग यांनी भरलेल्या कादंबऱ्यांची रांग लागली. १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांनी 'मंजुघोषा' लिहिली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी जे कारण दिले ते आम्हांला या सबंध इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटते. त्याचा आशय असा : आपल्या लोकांच्या रोजच्या आयुष्यात मन वेधून घेईल असे काही नाही, नित्याचे अनुभव लिहिले तर पुस्तक रंजक होणार नाही, म्हणून मनोरंजन करावयाचे तर अद्भुताचाच आश्रय करणे भाग आहे.

रिसबूड खोटे बोलत नव्हते. त्यांना तसे प्रामाणिकपणे वाटत होते. परंतु ते हे लिहीत होते त्याच्या तेरा वर्षे आधी, १८५५ साली, जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून ठेवले होते. त्यात एक जोशी एका गरोदर शेतकरी बाईला ग्रहपीडेची भीती घालतो आणि शांतीच्या नावाने त्या कुटुंबाला लुबाडतो. रोजचेच जीवन, आणि त्यात केवढे नाट्य! ते नाटक जोतीरावांच्या हयातीत छापले गेले नाही, ही गोष्ट वेगळी. १८५७ साली बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटना'त विधवांची दुःखे मांडली होती. म्हणजे रोजच्या आयुष्यात सांगण्यासारखे पुष्कळ होते. ते ज्यांच्या आयुष्यात होते त्यांच्याकडे लेखकांचे डोळे वळले नव्हते, इतकेच.

१८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक यांवर निबंध लिहून या असंभाव्यतेवर टीका केली. मग हरी नारायण आपटे आले. १८९० साली त्यांनी 'करमणूक' पत्र काढले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. एका मध्यमवर्गीय घरातल्या मुलीची कहाणी, तिच्यात कोणी मांत्रिक नाही, कोणी देव धावून येत नाही. धावून कोणी येत नाही हेच तर तिचे दुःख. वाद मिटला असे वाटत असतानाच १९०२ साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी 'कादंबरी' हा निबंध लिहिला आणि अद्भुताची बाजू उचलून धरली. ज्या माणसाने उभे आयुष्य अस्सल कागदपत्रे धुंडाळण्यात घालविले, त्याला गोष्टीत मात्र अद्भुत हवे होते, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. आमच्यापुरता अर्थ आम्ही असा लावला की, जे आहे तेच तेवढे लिहिले तर जे होऊ शकेल त्याची भूक मरते, आणि पारतंत्र्यात असलेल्या लोकांची ती भूक मरू देणे परवडत नाही. संपाच्या बाराव्या दिवशी, चूल थंड असताना, माणसे कशाच्या बळावर बसून राहतात हे ज्याने पाहिले आहे त्याला हे पटेल.

तेव्हा रिसबूडही अर्धे खरे आणि मराठेही अर्धे खरे. मग माप कोणते धरावे? ते आम्हांला पुस्तकात सापडले नाही. ते एका जुन्या अनुभवातून मिळाले.

आम्ही पंचविशीत होतो आणि याच जिल्ह्यातील एका जिनात काम करीत होतो. जिनाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तो मालकही आता नाही आणि तो जिनही नाही. हंगाम भरात होता. यंत्रांना गती देणारा पट्टा उघडाच फिरत असे. एके दिवशी कापूस टाकणाऱ्या एका बाईचा पदर त्यात ओढला गेला आणि तिचा हात गेला. त्याआधीच्या हंगामातही तेथेच एक अपघात झाला होता. जागेला बाधा आहे अशी बोलवा झाली. मालकाने मांत्रिक आणला. लिंबे कापली, कोंबडे दिले, खिळे ठोकले. वर्गणी जमली, आणि आज सांगावयास लाज वाटते, पण आम्हीही पाच रुपये दिले. कामगार समाधानी, मालक समाधानी. पट्टा मात्र होता तसाच फिरत राहिला. तेव्हा एक म्हातारा फिटर आम्हांला बाजूला घेऊन म्हणाला, ''बाबू, भुताला जाळी नाही लागत, पट्ट्याला लागते.'' पुढे आम्हांला कळले की फिरत्या यंत्राभोवती कठडा किंवा जाळी हवी हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमातच लिहिलेले आहे. तीन दिवस काम बंद ठेवल्यावर जाळी बसली. त्या बाईचा हात काही परत आला नाही. आमच्या कामगार चळवळीची सुरुवात ती तेथे झाली.

त्या जिनात जादू सर्रास होती, आणि जेथे जादू सर्रास असते तेथे जाळी कोणी बसवीत नाही.

यावर कोणी म्हणेल की, मग तुम्ही मुलांना मांत्रिकांचा खेळ खेळूच का देता? गाडगेबाबांनी याच वऱ्हाडातून निघून हातात खराटा आणि तोंडी प्रश्न घेऊन नवससायासांविरुद्ध कीर्तने केली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांच्याविरुद्ध कायदा केला. एवढी किंमत मोजून जे हाकलले ते खेळाच्या निमित्ताने घरात घ्यावयाचे काय?

आमचे उत्तर असे आहे. मांत्रिकाची जादू आणि खेळातली जादू यांत एक स्पष्ट फरक आहे. मुलांच्या खेळात मंत्राला काय लागते, तो किती वेळा चालतो, फसला तर काय होते, हे सर्व नियमांच्या पुस्तकात लिहिलेले असते आणि टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ते वाचता येते. कोणी जास्त मंत्र घेऊ लागला की बाकीचे चौघे त्याचा हात धरतात. बुवाच्या दरबारात नियम एकट्या बुवाला ठाऊक असतो, आणि तो गिऱ्हाईक पाहून बदलतो. दादासाहेब फाळके स्वतः हातचलाखीचे प्रयोग करीत. आपले नाव उलटे फिरवून 'प्रोफेसर केळफा' म्हणून ते रंगमंचावर येत. १९१७ च्या 'लंकादहना'त त्यांनी पडद्यावर चमत्कार दाखविले, आणि चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा पटही त्यांनीच काढला. त्या 'लंकादहना'त राम आणि सीता दोघेही एकच अण्णा साळुंके. ते आधी उपाहारगृहात काम करीत. चमत्कारामागे कोणाचे हात राबले हे उघड सांगूनही फाळक्यांच्या चित्रांची गोडी कमी झाली नाही. हिशेब उघडा ठेवणारी जादू माणसाला आंधळे करीत नाही.

आता त्या दोन पक्षांतला निवाडा. ज्याला गावोगाव मांत्रिक हवे होते त्याला आम्ही चूक ठरविले नाही. त्याला एवढेच म्हटले की, मग ती जादू विजेसारखी समज. वीज आपल्या विदर्भातही तयार होते, कोराडीची चिमणी कोणी पाहिली नाही? पण तार कोणाच्या शेतावरून जाते, मीटर कोणाच्या दारात बसते आणि रात्री ओलिताला बारा वाजता कोणाला उठावे लागते, हे प्रश्न वीज मुबलक झाल्याने मिटले नाहीत. जादूचे दिवे रस्त्यावर लावावयाचे असतील तर पूर्वी तेल घालणारा माणूस कोठे गेला ते सांग. मंत्राने जखमा भरत असतील तर त्या मंत्राची फी किती आणि ती नसलेला हमाल काय करतो ते सांग. जादूचा सातबारा कोणाच्या नावावर आहे ते ठरव. इतके ठरविलेस तर तुझे जग भरपूर जादूनेही उभे राहील, आणि कदाचित फार चांगले उभे राहील. मात्र त्यात तुला पुष्कळ काम पडेल.

आणि ज्याला जादू थोडी हवी होती त्याला म्हटले की, थोडी म्हणजे किती हे आकड्याने ठरवू नकोस. गिरडच्या गोष्टीत दोन चमत्कार पुरले, वेताळाला पंचवीस गोष्टी लागल्या. तू तीन गोष्टी पाहा. प्रत्येक मंत्राची किंमत कोणीतरी मोजतो की नाही. ती किंमत टेबलावरच्या सर्वांना आधी ठाऊक आहे की नाही. आणि शेवटची जी गाठ आहे ती माणसे आपल्या हातांनी सोडवितात की मंत्र सोडवितो. पहिल्या दोन गोष्टी असतील आणि तिसरी नसेल, तर तुझ्या खेळगड्यांना घरी पाठव. त्यांचे तेथे काम नाही.

मुलांनी निवाडा मानला असे आम्ही म्हणणार नाही. मुले हल्ली निवाडे मानीत नाहीत, आणि ते बरेच आहे. त्यांनी पुढच्या रविवारी आम्हांलाच खेळात बसविले. तुम्ही कोण होता असे विचारले, तेव्हा आम्ही सांगितले की आम्ही गिरडच्या वाटेवरचा एक हमाल होतो, त्या दोन व्यापाऱ्यांचे ओझे वाहणारा. खेळ चालविणाऱ्या मुलाने मंत्र घातला आणि आमच्या डोक्यावरच्या पोत्यातल्या नारळांचे दगड झाले. सगळे हसले. मग तो गंभीरपणे म्हणाला, ''काका, व्यापारी तर फकिरापाशी राहिले. तुमची मजुरी आता कोणाकडं मागाल?''

त्या गोष्टीत हमालाचा उल्लेख कधी कोणी केला नव्हता. आम्हांलाही इतकी वर्षे तो सुचला नव्हता. आम्ही फासे उचलले, आणि रात्री दीडपर्यंत त्या मजुरीचा तंटा चालला होता.